लाल पट्टीवरचा दिवा

आमच्या विभागातल्या फोटोवाल्याला सगळे ओळंबा म्हणतात. भिंत सरळ आहे की नाही ते बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतो, तो ओळंबा. याला भिंतच काय, माणसाची मानसुद्धा तिरपी खपत नाही. कुणी कॅलेंडर वाकडं टांगलं, तर हातातला चहा खाली ठेवून आधी ते सरळ करणार. नवे शिकाऊ डॉक्टर ते त्याचं आडनाव समजतात आणि अदबीनं 'ओळंबेसाहेब' अशी हाक मारतात. तोही निमूट 'ओ' देतो.

मी या विभागात सव्वीस वर्षं ड्रेसिंग करतेय. विभाग चेहऱ्यांचा. भाजलेले, अपघातात फुटलेले, गाठ काढताना अर्धा गाल गेलेले, असे चेहरे आमच्याकडे येतात. मांडीचं, पोटाचं, पाठीचं मांस आणि कातडी आणून आमच्या डॉक्टरबाई ते पुन्हा उभे करतात. जखम भरेपर्यंत माणूस माझ्या ताब्यात. ओळंब्याच्या ताब्यात मात्र तो शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवसापासून पुढं वर्षभर असतो. दर महिन्याला सहा फोटो: समोरून एक, तिरपे दोन, दोन्ही बाजूंचे दोन आणि मान मागं टाकून खालून एक.

फोटोची खोली म्हणजे पूर्वीची चादरींची कोठी. एका भिंतीला निळा रंग, भिंतीपुढं स्टूल, समोर तिपाईवर कॅमेरा आणि दोन बाजूंना दोन दिवे, एक खिडकीकडं, एक दाराकडं. जमिनीवर रंगीत चिकटपट्टीच्या खुणा. स्टुलाच्या पिवळ्या, कॅमेऱ्याच्या निळ्या, दिव्यांच्या लाल. सकाळी आल्याबरोबर ओळंबा गुडघ्यांवर बसून प्रत्येक पाय आपापल्या पट्टीवर आहे ना, ते बघणार. झाडणाऱ्या मावशींना त्याची सक्त ताकीद होती की दिव्यांना धक्का लागता कामा नये. मावशी त्याच्या मागं म्हणत, "नव्या नवरीलासुद्धा कुणी एवढं जपत नाही."

त्याचं कारण असं. दिवा वीतभर सरकला की सावली सरकते, आणि सावली सरकली की बसलेला गाल भरलेला दिसतो. आमच्या कामात सगळी मेख तिथंच आहे. दुसरीकडून आणून बसवलेलं मांस आहे तेवढं राहत नाही. पहिला महिना सूज असते, मग ते आटायला लागतं. तिसरा हिस्सा जातो, कधी निम्मं जातं. किरणांचे उपचार घ्यावे लागले तर आणखी. म्हणून डॉक्टरबाई मुळातच गाल सवाईनं भरतात. मग दर महिन्याच्या फोटोवर दोन्ही बाजूंची मापं घ्यायची आणि किती आटलं, कुठं थांबलं, ते बघायचं. आटणं ठरलेलंच असतं. आटलेला गाल पुन्हा वर यायला लागला, तर मात्र बाईंच्या कपाळावर आठी पडते. एका ड्रायव्हरचं तसंच झालं होतं. गडी म्हणत होता, मी ठणठणीत आहे. बाईंच्या हाताला काही लागत नव्हतं. ओळंब्याच्या फोटोत मात्र गाल दोन मिलिमीटर वर आला होता. उघडून बघितलं तर आत पू.

"रोज बघणाऱ्याला फरक दिसत नाही, सिस्टर," तो मला सांगायचा. "आईला पोर वाढताना कधी दिसतं का? पाहुणा येतो आणि म्हणतो, केवढा झाला हा! फोटो म्हणजे तो पाहुणा."

कोणाच्याच चेहऱ्याच्या दोन बाजू सारख्या नसतात, हेही मला त्यानंच दाखवलं. जेवणाच्या सुट्टीत त्यानं माझा फोटो काढला, कॉम्प्युटरवर मधोमध कापला आणि डाव्या अर्ध्याला डावाच अर्धा उलटा करून जोडला, उजव्याला उजवा. दोन बायका तयार झाल्या. एक मी दहा वर्षांपूर्वी होते तशी, आणि दुसरी हुबेहूब माझ्या धाकट्या काकांसारखी, फक्त मिशा तेवढ्या नव्हत्या. मी आठवडाभर आरशापुढं उभी राहून काका शोधत होते.

पण त्याचा रागही यायचा मला. एकदा एक शिक्षिका आल्या होत्या, गाल भाजलेल्या. स्टुलावर बसता बसता हळूच म्हणाल्या, "काका, जरा बरा काढा ना."

"बरा फोटो बाहेर स्टुडिओत काढतात. इथं खरा काढतात. हनुवटी खाली."

बाई रडत बाहेर आल्या. त्यांचे डोळे पुसून मी तडक आत गेले.

"ओळंबे, तुमच्या छातीत काळीज आहे की लेन्स?"

"दोन्ही नाही," तो म्हणाला. "तिथं चष्म्याचं घर आहे." आणि खिशातून चष्म्याचं घर काढून दाखवलं. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

घरी तो आणि त्याची ताई, दोघंच. ताई त्याच्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, बाप असून नसल्यासारखा, तेव्हा हिनंच याला वाढवलं. आधी छोट्याचं शिक्षण होऊ दे, मग माझ्या लग्नाचं बघू, असं म्हणता म्हणता तिचं वय निघून गेलं. ताईचं झाल्याशिवाय मी करणार नाही, म्हणून याचंही गेलं. बावन्नाव्या वर्षीसुद्धा ती त्याला छोट्या म्हणायची. बाहेरच्या खोलीत खिडकीशी तिचं शिलाई मशीन होतं. नवे कपडे ती शिवत नसे. आलेले कपडे उसवून अंगासरसे करून द्यायचं तिचं काम. गिऱ्हाईक दारातून आत येईपर्यंत तिनं ओळखलेलं असे, कुठला खांदा उतरता आहे, कुठला पाय आखूड आहे. ती ते बोलायची नाही. उतरत्या खांद्यात गुपचूप कापसाची गादी भरून द्यायची आणि माणूस आरशात बघून खूश होऊन जायचा.

"याचं काम लोकांची वाकडी अंगं दाखवायचं आणि माझं झाकायचं," ती मला म्हणाली होती. "एका घरात दोन दुकानं, आणि दोन्ही चालतात!"

तिच्या डाव्या कानाखाली गाठ आली ती तिनं चार महिने दाढदुखी म्हणून अंगावर काढली. बाकी सगळ्या जगाची मापं घ्यायची, स्वतःकडं बघायचं नाही, असला स्वभाव. तपासणीत कळायचं ते कळलं. गाठ वाईट निघाली. डॉक्टरबाईंनी सात तास शस्त्रक्रिया केली. गाठीबरोबर डाव्या गालातलं बरंच मांस गेलं, तिथं मांडीतलं मांस आणि चरबी आणून बसवली.

शुद्धीवर आल्यावर दोन दिवसांनी तिनं आरसा मागितला. डावा गाल उजव्याच्या दीडपट.

"बाई, माप चुकलं की तुमचं," ती सुजलेल्या तोंडानं म्हणाली.

"मुद्दाम जास्त भरलंय. पुढं आटतं ते."

"म्हणजे शिवणीत माया ठेवलीत."

बाई हसल्या. म्हणाल्या, "आणि ऐका. मांडीची चरबी गालात आली तरी तिची सवय मांडीचीच राहते. तुमचं वजन वाढलं की हा गाल वाढणार, उतरलं की उतरणार."

"जित्याची खोड!" ताई म्हणाली. तिच्या हसण्यात डावी बाजू हलली नाही, पण डोळे हसले.

ओळंबा दर महिन्याला तिला स्टुलावर बसवायचा आणि इतर कुणाशी बोलेल त्याच आवाजात म्हणायचा, "हनुवटी खाली. समोर बघा." सख्ख्या बहिणीला अहोजाहो! त्या खोलीत त्याच्यासाठी ती पेशंट होती. मला हसू यायचं.

किरणांचे उपचार झाले आणि गाल आटायला लागला. तिसऱ्या महिन्यात दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या झाल्या. जीव भांड्यात पडतोय तोवर चौथा महिना आला आणि गालात खळगा पडला. त्या दिवशी फोटो झाल्यावर ताई नेमकी कॉम्प्युटरमागं येऊन उभी राहिली. त्या फोटोत काहीही लपलेलं नव्हतं. खळग्यात सावली साचली होती. तिनं पदर डाव्या गालावर ओढला आणि घरी गेली.

पुढच्या आठवड्यात मी सहज तिच्याकडं गेले, तर मशीन खिडकीपासून हलवलेलं. तिनं ते असं फिरवून घेतलं होतं की रस्त्यावरून आणि दारातून फक्त तिची उजवी बाजू दिसावी. खोलीत त्या कोपऱ्यात उजेड नव्हता. भरदुपारी दिवा लावून ती सुईत दोरा ओवायला धडपडत होती. जेवण तर जवळजवळ सोडलेलंच. मला भडभडून आलं, आणि त्याचा सगळा राग मी दुसऱ्या दिवशी ओळंब्यावर काढला.

"सख्खी बहीण आहे तुमची. तिचा तरी एखादा जरा बरा काढायचा! तुमच्या त्या फोटोनं अन्न तुटलंय तिचं."

तो चष्मा काढून शर्टाला पुसत बसला.

पाचव्या महिन्यात मी ड्रेसिंगचा ट्रे घेऊन फोटोच्या खोलीत शिरले, तेव्हा ताई स्टुलावर होती आणि तो दिव्याशी वाकला होता. खिडकीकडच्या दिव्याचे पाय लाल पट्टीवर नव्हते. चांगले वीतभर पुढं, कॅमेऱ्याकडं सरकलेले. उजेड सरळ खळग्यात पडत होता, त्यामुळं सावली फिकी झाली होती. त्यानं वर बघितलं. मी बघितलंय हे त्याला कळलं, आणि त्याला कळलंय हे मला. त्यानं मान खाली घातली.

मी काय करायला हवं होतं? मला त्या पट्ट्यांचा अर्थ ठाऊक होता. ड्रायव्हरचं प्रकरण ठाऊक होतं. मी ट्रे घेऊन तशीच मागं फिरले आणि व्हरांड्यात येऊन चक्क हसले. शेवटी दगडाला पाझर फुटला, असं मनात म्हणाले. मला आनंद झाला होता, हे मी लपवत नाही.

डॉक्टरबाईंनी गाल बघितला, म्हणाल्या, "जरा जास्त बसल्यासारखा वाटतोय." मग दोन्ही महिन्यांचे फोटो शेजारी शेजारी लावले. "नाही, तेवढाच आहे. थांबलं म्हणायचं आटणं." बाईंच्या हाताखालून महिन्याला शंभर चेहरे जातात. आठवणीपेक्षा त्यांचा फोटोवर भरवसा, आणि तो भरवसा ओळंब्यानंच वीस वर्षं घालून कमावला होता.

सहाव्या महिन्यातही तेच. गाल आणखी बसला होता, पण फोटोत तेवढाच. स्कॅन झालं, ते स्वच्छ आलं. पुढचं स्कॅन आता वर्ष भरल्यावर. ताईला उभारी आली. 'थांबलं' या शब्दानं तिला जेवढं बळ दिलं तेवढं औषधानं दिलं नव्हतं. ओळंबा सकाळी दूध, अंडी, केळी घेऊन घरात शिरायचा आणि तिच्यापुढं बसून खायला लावायचा. बाईंचं ते वजनाचं वाक्य त्यानं गाठीला बांधून ठेवलं होतं. ताई खाईल, वजन वाढेल, गाल भरेल. सातव्या महिन्यात ती तीन किलोनं वाढली आणि गाल खरोखरच भरायला लागला. त्यानं दिवा थोडा मागं घेतला. भरलेल्या गालावर एवढा उजेड कशाला?

आठव्या महिन्यात तो स्वतः माझ्या खोलीत आला. असा तो कधी येत नसे.

"सिस्टर, जरा चला."

मला फोटोच्या खोलीत नेऊन त्यानं जमिनीकडं बोट दाखवलं. खिडकीकडच्या दिव्याचे पाय लाल पट्टीवर होते.

"आज दिवा पट्टीवर ठेवून फोटो काढला ताईचा. बघून घ्या. पट्टीवर आहे ना?"

"आहे की!"

एवढंच बोलणं झालं. पण त्याचा चेहरा परीक्षेत पास झालेल्या मुलासारखा फुलला होता, आणि मीही डोळे पुसले. त्या दुपारी त्यानं सगळ्या विभागाला चहा पाजला. कशाबद्दल, ते कुणालाच कळलं नाही. ताईनं मशीन पुन्हा खिडकीशी घेतलं.

नवव्या महिन्यात तिचा डावा डोळा मिटेना. कानात कळा यायला लागल्या. डॉक्टरबाईंनी गाल दाबून बघितला, कितीतरी वेळ दाबून बघितला, आणि स्कॅन लिहून दिलं. गाठ परत आली होती. मांडीच्या त्या मांसाखाली, अगदी खोल, हाडाला धरून. गाल चरबीनं भरत नव्हता. गाठ त्याला खालून वर ढकलत होती.

ताईला बाकावर बसवून बाईंनी आम्हा दोघांना आत बोलावलं. नऊ महिन्यांचे फोटो पडद्यावर ओळीनं लावले होते.

"हे सुरू कधी झालं तेच मला कळत नाहीये," बाई म्हणाल्या. "चौथ्यापासून आठव्यापर्यंत सगळं एकसारखं आहे. गाल बसलाही नाही, वरही आला नाही. असं होत नाही."

ओळंबा दाराशी उभा होता. मला त्याच्या तोंडाकडं बघवेना.

"बाई, गालात नाही दिसायचं," तो म्हणाला. "डोळ्यांत बघा."

"डोळ्यांत काय?"

"बुबुळात दिव्याचा पांढरा ठिपका असतो. तो मोठा करून बघा."

बाईंनी चौथ्या महिन्याचा डोळा मोठा केला. दोन ठिपके, दोन दिव्यांचे, दोन्हीकडं सारख्या अंतरावर. पाचव्या महिन्यात खिडकीकडचा ठिपका मधल्या बाजूला सरकलेला. सहाव्यात आणखी. सातव्यात थोडा परत. आठव्यात पुन्हा पहिल्या जागी. बाईंनी पुढं मागं करून तीनदा बघितलं.

"दिवा मी सरकवला," तो म्हणाला. "फार नाही. फक्त चौथ्या महिन्याएवढा दिसेल इतपत. गाल भरायला लागला तसा मागं घेत आणला. सातव्यापासून भरतोय तो. दोन महिने झाले."

म्हणजे आजार कधी परत आला, ते त्याच्या दिव्यानंच नेमकं लिहून ठेवलं होतं. फक्त कुणी वाचलं नव्हतं.

बाई रागावतील असं मला वाटलं होतं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या पडद्याकडं बघत राहिल्या.

"दोन महिने आधी कळलं असतं, तर काय झालं असतं?" त्यानं विचारलं.

"कदाचित पुन्हा काढता आलं असतं. कदाचित नसतंही." बाईंनी चष्मा काढला. "आठव्या महिन्यात मीही हात लावून बघितलंच होतं. मलाही वजन वाढल्यामुळंच वाटलं. तुम्हाला खोटा धीर देत नाही आणि खोटा दोषही देत नाही. मला खरंच माहीत नाही."

"आता?"

"आता नाही काढता येणार."

मी बोलायला हवं होतं. पहिल्या दिवशी मी बघितलं होतं, मीच त्याला डिवचलं होतं, आठव्या महिन्यात मीच 'आहे की' म्हणाले होते. तो माझ्याकडं बघेल म्हणून मी वाट बघत राहिले. त्यानं एकदाही बघितलं नाही. सगळं त्यानं एकट्यानं आपल्या अंगावर घेतलं आणि मी घेऊ दिलं. अळीमिळी गुपचिळी.

त्याच संध्याकाळी त्यानं ताईलाही सांगितलं. मी तिच्या न मिटणाऱ्या डोळ्यासाठी पट्टीचं सामान द्यायला गेले होते, दारातच थबकले. ताई मशीनशी बसली होती. तो तिच्या पायाशी जमिनीवर, गुडघ्यांत डोकं घालून.

"अरे, मला ठाऊक होतं," ती म्हणत होती. तोंड नीट मिटत नसल्यामुळं शब्द ओले येत होते. "पहिल्याच दिवशी. दिवा हलला की डोळ्यात उजेड येतो ना. जन्मभर लोकांच्या खांद्यात गादी भरतेय मी, माझ्या गालात भरलेली मला कळणार नाही?"

"मग बोलली का नाहीस, ताई?"

"बरं दिसत होतं मला. खिडकीशी बसावंसं वाटायला लागलं होतं." तिनं रुमालानं तोंड पुसलं. "आणि तू पहिल्यांदाच माझ्यासाठी काहीतरी वाकडं केलं होतंस. मला गंमत वाटली."

त्याला हुंदका फुटला. बावन्न वर्षांचा माणूस लहान मुलासारखा रडत होता आणि ती त्याच्या पांढऱ्या केसांतून हात फिरवत होती. मी सामान उंबऱ्याशी ठेवलं आणि परतले.

पुढं गाल वाढत गेला. सुरुवातीपेक्षा मोठा झाला. उजवा गाल मात्र खंगत चालला, कारण खाणं सुटलं होतं. दहाव्या महिन्याचा फोटो कुणी मागितला नव्हता. त्याचा आता काही उपयोगही नव्हता. पण ठरलेल्या तारखेला ताई चाकाच्या खुर्चीतून आली. मीच तिला स्टुलावर बसवलं आणि पडू नये म्हणून मागून कंबरेला हात देऊन वाकून उभी राहिले.

"छोट्या, आज खरा काढ," ती म्हणाली.

तो गुडघ्यांवर बसला. एकेक पाय एकेका पट्टीवर आहे ना ते बघितलं. खिडकीकडच्या दिव्यापाशी त्याला फार वेळ लागला. उठून कॅमेऱ्यामागं गेला.

"हनुवटी..."

ताईनं आपण होऊन हनुवटी खाली घेतली. समोर बघितलं. मग तिरपी, मग बाजू, मग दुसरी. दहा महिन्यांत तिला सगळं पाठ झालं होतं. शेवटी खालून काढायचा म्हणून मान मागं टाकली, तेव्हा तिचं डोकं माझ्या छातीवर टेकलं. किती हलकं होतं ते! त्यानं सहाही फोटो काढले. एकही हलला नाही. सगळे आमच्या फाईलमध्ये आहेत.

त्यानंतर पाच आठवड्यांनी ताई गेली. शेवटी ती खिडकीशीच होती. पलंग त्यानं तिथं ओढून घेतला होता, तोंड रस्त्याकडं, डावी बाजू उजेडात. गिऱ्हाइकं येत, खिडकीतून दोन शब्द बोलत, जात. तिनं पदर ओढणं सोडून दिलं होतं.

ओळंबा आठवड्यानं कामावर आला तो पिशवीत ड्रिल, स्क्रू आणि लोखंडाच्या पट्ट्या घेऊन. डॉक्टरबाईंनी त्याला काढलं नाही. त्यानं स्वतः लिहून दिलेला राजीनामा त्यांनी फाडला आणि म्हणाल्या, "तुमच्याएवढा सरळ फोटो काढणारा मला दुसरा मिळणार नाही, आणि आता तर मुळीच नाही." त्यानं दोन्ही दिव्यांचे पाय जमिनीला ठोकून टाकले. मला स्क्रू धरायला बसवलं.

आता ते दिवे जाणार कुठं? ढकलले तरी हलत नाहीत. मावशी खुशाल झाडू मारतात. तरी पेशंट स्टुलावर बसला की ओळंबा मला हाक मारतो. हातातलं ड्रेसिंग टाकून मला जावं लागतं. डॉक्टरबाईंना वाटतं, धक्क्यानं माणूस जरा वहमी झालाय. त्यांना मी माझ्याबद्दल अजून काही सांगितलेलं नाही. त्यानंही नाही.

"सिस्टर," तो कॅमेऱ्यामागून विचारतो, माझ्याकडं न बघता, "पट्टीवर आहे ना?"

मी खाली वाकते, खिडकीकडच्या दिव्याचे तिन्ही पाय नीट बघते, आणि सांगते, "आहे."